समुद्री विंचवांचे टेरिगोटिडी कुल: शरीररचना वाचायची कशी, वर्गीकरण करायचे कसे

खानदेशात विंचू कुणाला दाखवावा लागत नाही. पऱ्हाट्यांचा ढीग हलवला, बांधावरचा दगड उलटला, गोठ्यातली जुनी पोती झटकली की तो भेटतोच. त्यामुळे इथल्या वर्गात समुद्री विंचवाचे, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेल्या एका पाण्यातल्या प्राण्याचे, चित्र भिंतीवर लावले की मुले लगेच म्हणतात, 'हा तर आपला विंचू, फक्त मोठा.' शिकवायला सुरुवात इथूनच करावी, कारण मुलांची नजर बरोबर जागी गेलेली असते आणि निष्कर्ष मात्र चुकलेला असतो. विंचवाचे मोठे चिमटे आणि टेरिगोटिडी कुलातल्या प्राण्यांचे मोठे चिमटे दिसायला सारखे असले, तरी ते शरीराचे एकच अवयव नाहीत. एवढी एक गोष्ट नीट कळली की या कुलाचे वर्गीकरण निम्मे हातात आले.

अकरावी-बारावीची आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुले, त्यांचे शिक्षक आणि घरी बसून जीवाश्मांची छायाचित्रे पाहणारे हौशी वाचक, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. सूक्ष्मदर्शक किंवा प्रयोगशाळा लागणार नाही. पायऱ्यांचा क्रम मात्र मोडू नका. प्रजाती (जीनस) ओळखण्याच्या घाईत कुलाची लक्षणे राहून जातात आणि मग कोणताही लांबट, खंडांचा प्राणी 'राक्षसी समुद्री विंचू' होऊन बसतो.

आधी खडक आणि काळ

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पायाखाली बहुतेक ठिकाणी बेसाल्ट आहे. ज्वालामुखीच्या लाव्हाचे हे थर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. समुद्री विंचवांचा संपूर्ण गण, म्हणजे युरिप्टेरिडा, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी संपला होता. टेरिगोटिडी कुल तर त्याच्याही कितीतरी आधी, डेव्होनियन काळाच्या उत्तरार्धातच नाहीसे झाले. मग सातपुड्याच्या पायथ्याच्या खाणीत किंवा पांझरेच्या पात्रात समुद्री विंचू सापडेल का? नाही. खडकाचे वयही जुळत नाही आणि जातही जुळत नाही.

हे स्पष्ट सांगावे लागते, कारण मुले दगड घेऊन येतात. दगडाच्या फटीत झाडाच्या फांद्यांसारखी काळी नक्षी असते. ती मँगनीजच्या संयुगांची असते, जीवाश्माची नव्हे. सावद्याच्या परिसरातल्या खाणींमधून येणारे पांढरे, हिरवट, चमकदार स्फटिक झिओलाइट आणि त्यांच्या सोबतच्या खनिजांचे असतात. तापी-पूर्णेच्या गाळात हाडे मिळालीच तर ती भूशास्त्रीय हिशोबाने अगदी अलीकडच्या प्राण्यांची. मुलाने आणलेला दगड फेकू नका, त्यावर चिठ्ठी लावून ठेवा. फक्त समुद्री विंचवाच्या पेटीत ठेवू नका.

टेरिगोटिडी कुलाचे जीवाश्म मिळतात ते सिल्युरियन आणि डेव्होनियन काळातल्या खडकांत, ढोबळमानाने ४३ कोटी ते ३७ कोटी वर्षांपूर्वीच्या. स्कॉटलंड, एस्टोनियाचे सारेमा बेट, जर्मनीतला ऱ्हाइनचा प्रदेश, अमेरिकेतले न्यूयॉर्क राज्य आणि कॅनडातले ओंटारिओ ही त्यांची नावाजलेली ठिकाणे. छायाचित्राखाली ठिकाण आणि काळ लिहिलेला असेल तर तो सर्वांत आधी वहीत उतरवा. काळ ऑर्डोव्हिशियन किंवा पर्मियन लिहिला असेल, तर प्राणी समुद्री विंचू असू शकतो, टेरिगोटिडी नसणार.

साहित्य

मोजपट्टी, आलेख कागद, पेन्सिल, खडू, मोबाइलवर मोठी करून पाहता येतील अशी चांगली छायाचित्रे, आणि तुलनेसाठी दोन प्राणी: एक विंचू, एक खेकडा. खेकडा बाजारात किंवा गिरणेच्या काठावर मिळतो. विंचू जिवंत पकडू नका. आपल्याकडचा लाल विंचू जीवघेणा ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून असंख्य जीव वाचले, पण ते औषध वेळेवर दवाखाना गाठला तरच कामाचे. जीवशास्त्र विभागातल्या बरणीतला जुना नमुना वापरा, नाहीतर दगडाखाली सापडलेली विंचवाची रिकामी कात. कात तर उत्तमच, आणि ती जपून ठेवा. पुढे तिचा एक वेगळा उपयोग आहे.

पहिली पायरी: उपांगांच्या जोड्या मोजा

या लेखातली हीच पायरी सर्वांत महत्त्वाची. तिला एक पूर्ण तास द्या.

उपांगे म्हणजे शरीराला जोडलेले पाय, चिमटे वगैरे. विंचू उताणा ठेवा आणि तोंडापासून मागे मोजत या. अगदी तोंडाशी दोन बारीक चिमटे दिसतील, भिंग असेल तर स्पष्ट. हे चेलिसेरे, पहिली जोडी. भक्ष्याचे तुकडे करणे हे त्यांचे काम. दुसरी जोडी म्हणजे ते मोठे, सगळ्यांच्या डोळ्यांत भरणारे चिमटे. यांना पेडिपाल्प म्हणतात. त्यामागे चालण्याच्या पायांच्या चार जोड्या. एकूण सहा.

आता टेरिगोटसची, म्हणजे ज्याच्यावरून या कुलाला नाव मिळाले त्या प्रजातीची, पोटाकडून काढलेली आकृती घ्या आणि त्याच क्रमाने मोजा. पहिल्याच जोडीला मोठे, लांब, दातेरी चिमटे आहेत. म्हणजे विंचवाच्या तोंडाशी जे इवलेसे असते, तेच इथे प्रचंड वाढले आहे. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जोडीचे पाय सडपातळ आहेत आणि त्यांवर काटे नाहीत. सहावी जोडी शेवटाकडे रुंद व चपटी होत गेलेली, पोहण्यासाठी. पुन्हा एकूण सहा.

खेकड्याकडे वळा. त्याच्या नांग्यांच्या पुढे शृंगिकांच्या, म्हणजे मिशांच्या, दोन जोड्या आहेत, त्यानंतर जबडे आणि जबड्यांना मदत करणारी उपांगे आहेत. नांग्यांचा क्रम त्या सगळ्यांच्या मागे लागतो, आणि त्या चालण्याच्या पायांच्याच रांगेतल्या आहेत. विंचवाला आणि समुद्री विंचवाला शृंगिका नसतातच.

तीन प्राणी, तिघांना चिमटे आणि तिन्ही चिमटे वेगवेगळ्या उपांगांपासून बनलेले. वहीत तीन स्तंभ आखा, प्रत्येक प्राण्याची उपांगे क्रमाने लिहा आणि चिमटा असलेल्या चौकटीभोवती लाल वर्तुळ करा. वर्तुळे एका ओळीत येत नाहीत हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. 'चिमटा आहे, म्हणजे विंचू' हा समज त्यानंतर पुन्हा डोके वर काढत नाही. वर्गीकरणात अवयवाचा आकार नंतर पाहायचा असतो. तो अवयव कितव्या जागी आहे हे आधी.

चेलिसेरे असलेले, शृंगिका नसलेले म्हणून विंचू, कोळी, घोड्याच्या नालासारखे कवच असलेला लिम्युलस आणि समुद्री विंचू हे सगळे चेलिसेराटा या गटात येतात. खेकडा कवचधारी प्राण्यांमध्ये, वेगळ्या घरात. समुद्री विंचू हे विंचवांचे आजोबा-पणजोबा नव्हेत; ते त्याच मोठ्या गटातली एक वेगळी, आज पूर्ण संपलेली शाखा आहेत.

दुसरी पायरी: पाठ आणि पोट

शरीराचे दोन भाग करा. पुढचा प्रोसोमा: वर एक अखंड कवच, खाली उपांगांच्या सहा जोड्या. मागचा ओपिस्थोसोमा: १२ खंड, आणि सर्वांत शेवटी टेल्सन, म्हणजे शेपटीचे टोक. छायाचित्रात पाठ दिसत असेल तर खंड बोटाने मोजा. पुढचे ७ रुंद, मागचे ५ अरुंद होत गेलेले. पोटाकडून १२ मोजायला गेलात तर गोंधळाल, कारण तिकडे पहिल्या दोन खंडांवर मिळून जननांगाची एकच झडप असते. तिच्यामागे पट्ट्यांसारख्या झडपा, आणि त्यांच्या आत श्वसनाचे अवयव.

तोंड खालच्या बाजूला, पायांच्या मुळांच्या मध्ये. पायांची तळखंडे आतल्या कडेला दातेरी असतात आणि अन्न चिरडण्याचे काम तीच करतात. त्यांच्या मागच्या बाजूला मेटास्टोमा नावाची एक चपटी तबकडी. चित्रात ती लगेच ओळखू येते आणि पोटाची बाजू कोणती याची खूण म्हणून उपयोगी पडते.

डोळे दोन प्रकारचे: दोन मोठे संयुक्त नेत्र आणि कवचाच्या मध्यभागाजवळ दोन साधे नेत्र. संयुक्त नेत्र कवचावर नेमके कुठे आहेत, याची नोंद आत्ताच करा. त्वचेवर अर्धवर्तुळाकार खवल्यांसारखी नक्षी दिसली तर तीही नोंदवा. पहिले अभ्यासक याच नक्षीने फसले होते. स्कॉटलंडच्या खाणीत मिळालेले टेरिगोटसचे तुकडे लुई अगासी यांनी १८३९ मध्ये माशाचे मानले होते. १८४४ मध्ये त्यांनीच ते संधिपाद प्राण्याचे असल्याचे ओळखले. अगासी माशांच्या जीवाश्मांचे त्या काळातले सर्वांत जाणकार अभ्यासक होते. तुटक नमुना किती चकवू शकतो याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही.

तिसरी पायरी: कुल ठरवा

क्लार्क आणि रूडमन यांनी १९१२ मध्ये टेरिगोटिडी हे कुल मांडले. त्याची जागा वरून खाली अशी: संधिपाद संघ, चेलिसेराटा उपसंघ, युरिप्टेरिडा गण, युरिप्टेरिना उपगण, टेरिगोटिऑइडिया अधिकुल, टेरिगोटिडी कुल.

उपगण ठरवायला एकच प्रश्न पुरतो. सहावी जोडी वल्ह्यासारखी चपटी आहे का? असेल तर बहुधा युरिप्टेरिना. ती चालण्याच्या साध्या पायासारखी असेल तर स्टायलोन्युरिना, आणि आपले काम तिथेच थांबते.

कुलासाठी चार गोष्टी, याच क्रमाने तपासा. चेलिसेरे मोठे आणि दातेरी आहेत का? इतर सर्व समुद्री विंचवांमध्ये ते लहान असतात, वरून पाहिल्यास बहुधा दिसतही नाहीत. संयुक्त नेत्र कवचाच्या अगदी कडेला, पुढच्या कोपऱ्यांकडे आहेत का? चालण्याचे पाय सडपातळ आणि बिनकाट्यांचे आहेत का? टेल्सन चपटा, रुंद असून त्यावर मधोमध उभी कड आहे का? चारही उत्तरे 'हो' आली तर कुल टेरिगोटिडी. नमुना तुटका असेल आणि फक्त मोठा दातेरी चेलिसेरा हाती असेल, तरीही कुलापर्यंत पोचता येते. फक्त टेल्सन हाती असेल तर सांभाळून बोला.

सांभाळायचे कारण स्लिमोनिया. स्कॉटलंडमधल्या लेसमाहॅगोच्या खडकांतला हा प्राणी दिसायला टेरिगोटसचा भाऊच वाटतो. डोळे कवचाच्या कोपऱ्यांत, टेल्सन रुंद, फक्त त्याच्या टोकाला लांब काटा. पण चेलिसेरे लहान. म्हणून त्याचे कुल वेगळे, स्लिमोनिडी. हे साम्य उगाच आलेले नाही. टेटली आणि ब्रिग्स यांनी २००९ मध्ये सिउर्कोप्टेरस ही प्रजाती मांडली, तेव्हा तिचे चेलिसेरे टेरिगोटिडींसारखे मोठे आणि पाय मात्र स्लिमोनियासारखे निघाले. त्यावरून स्लिमोनिडी हे टेरिगोटिडींचे सर्वांत जवळचे कुल ठरले आणि सिउर्कोप्टेरस या कुलातली सर्वांत आदिम प्रजाती. माझ्या मते हे कुल शिकवायला टेरिगोटसपेक्षाही सिउर्कोप्टेरस चांगला, कारण कुलाचे मुख्य लक्षण आधी आले आणि बाकीचे बदल मागून झाले हे त्याच्या एका शरीरात दिसते.

दुसरा चकवा युरिप्टेरस. इंटरनेटवर समुद्री विंचू म्हणून फिरणाऱ्या छायाचित्रांत न्यूयॉर्कच्या युरिप्टेरसचीच भरती असते, कारण त्याचे जीवाश्म विपुल आणि सुबक मिळतात. समुद्री विंचवांतले शास्त्रीय वर्णन झालेले हे पहिले उदाहरण. डी के यांनी ते १८२५ मध्ये केले. त्याआधी १८१८ मध्ये मिचिल यांनी अशाच एका नमुन्याला मासा ठरवले होते. युरिप्टेरसचे डोळे कवचाच्या कडेपासून आत असतात, टेल्सन सुळ्यासारखा लांब असतो आणि बहुतेक नमुने वीतभर लांबीचे असतात. छायाचित्राखाली 'अडीच मीटरचा राक्षस' लिहिले असेल आणि डोळे कडेपासून आत दिसत असतील, तर मथळ्यावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांवर ठेवा.

चौथी पायरी: प्रजाती

इथे टेल्सन, चेलिसेऱ्याचे दात आणि जननांगाचे उपांग या तीन गोष्टी कामाला येतात.

टेल्सन मागच्या टोकाला दुभंगून दोन पाळ्या झालेल्या असतील तर एरेटोप्टेरस. ही सर्वांत सोपी ओळख, म्हणून ती आधी उरका.

टेल्सन अखंड असेल तर चेलिसेऱ्यावर या. त्याची रचना सांडशीसारखी: एक पाते स्थिर, एक हलणारे, दोन्हींच्या आतल्या कडेला लहानमोठे दात. दात तिरके, कललेले असतील आणि त्यांतला एक मोठा दात करवती कडेचा असेल तर ॲक्युटिरॅमस. दात उभे, भक्कम आणि टोकाशी वाकलेले असतील तर टेरिगोटस किंवा येकेलोप्टेरस.

या शेवटच्या दोघांना वेगळे करणे अवघड आहे, आणि ते मुलांना तसेच सांगावे. येकेल यांनी १९१४ मध्ये जर्मनीतल्या नमुन्याला टेरिगोटसमध्येच ठेवले होते. त्या नमुन्यातल्या जननांगाचे उपांग टेरिगोटससारखे अखंड नसून खंडांचे आहे, या मुद्द्यावर वॉटर्स्टन यांनी १९६४ मध्ये येकेलोप्टेरस ही स्वतंत्र प्रजाती केली. टेल्सनचा त्रिकोणी आकार ही दुसरी खूण. छायाचित्र पाठीचे असेल तर जननांग दिसणारच नाही. अशा वेळी दोन्ही नावे लिहून मध्ये 'किंवा' ठेवायला लाजू नये.

दातांच्या फरकाला जीवनाचा अर्थही आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲक्युटिरॅमसच्या चेलिसेऱ्याची ताकद अभियांत्रिकीच्या नियमांनी मोजली गेली. सुमारे ५ न्यूटनपेक्षा जास्त बल लावले असते तर तो चिमटा स्वतःच मोडला असता, असे निष्पन्न झाले. ५ न्यूटन म्हणजे साधारण अर्धा किलो वजन तोलायला लागणारे बल. लिम्युलसचे कवच फोडायला ते पुरत नाही. म्हणजे हा प्राणी कठीण कवचाच्या शिकारीवर तुटून पडणारा नसावा, मऊ शरीराचे भक्ष्य कापणारा असावा. डोळ्यांच्या अभ्यासानेही त्याच दिशेला बोट दाखवले: ॲक्युटिरॅमसची नजर तितकी तीक्ष्ण नव्हती, तर येकेलोप्टेरस आणि टेरिगोटस यांची तीक्ष्ण होती. एकाच कुलातल्या या प्राण्यांची पोट भरण्याची रीत वेगवेगळी होती.

पाचवी पायरी: खडूने खऱ्या मापाचे चित्र

जर्मनीत प्र्यूमजवळच्या विल्वेराट इथल्या खाणीत येकेलोप्टेरसचा एक चेलिसेरा मिळाला. जतन झालेला भाग ३६.४ सेंटीमीटर, तुटलेला भाग धरून पूर्ण लांबी सुमारे ४६ सेंटीमीटर ठरते. ब्रॅडी, पोशमन आणि टेटली यांनी नात्यातल्या प्रजातींमध्ये चेलिसेरा आणि शरीर यांचे जे प्रमाण असते ते लावून शरीराची लांबी २.३३ ते २.५९ मीटर काढली. आजवर माहीत असलेल्या संधिपादांत हा सर्वांत मोठ्यांपैकी. हे काम २००८ चे.

मुलांना हा हिशोब स्वतः करू द्या. २३३ भागिले ४६ केले की सुमारे ५.१ येते, २५९ भागिले ४६ केले की ५.६. म्हणजे शरीर चिमट्याच्या पाच ते साडेपाच पट. लांबी एक आकडा म्हणून का दिली नाही, दोन आकड्यांच्या मध्ये का दिली, हे या भागाकारातून कळते: कुठल्या नातेवाइकाचे प्रमाण लावले त्यावर उत्तर बदलते. या लांबीत पुढे ताणलेले चिमटे धरलेले नाहीत. ते धरले तर आणखी सुमारे मीटरभर वाढेल.

आता व्हरांड्यात २५० सेंटीमीटरची सरळ रेघ मारा. हातातल्या आकृतीत कवचाच्या पुढच्या कडेपासून टेल्सनच्या टोकापर्यंत लांबी मोजा. ती २० सेंटीमीटर असेल तर प्रत्येक माप साडेबारा पट करायचे. आकृतीत कवच ३ सेंटीमीटर असेल तर फरशीवर साडेसदतीस. आधी कवच, मग १२ खंडांच्या आडव्या रेघा, मग टेल्सन, सर्वांत शेवटी उपांगे. मुले चिमट्यांपासून सुरुवात करतात आणि फरशी अपुरी पडते. त्याच रेघेशेजारी टेरिगोटस अँग्लिकस १६० सेंटीमीटरचा आणि ॲक्युटिरॅमस साधारण २०० सेंटीमीटरचा काढा. कोपऱ्यात युरिप्टेरस २० सेंटीमीटरचा. कुल आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात राहावे म्हणून एरेटोप्टेरसही लहान मापात काढायला विसरू नका. त्याच्या बऱ्याच जाती लहान होत्या आणि तरीही त्या याच कुलातल्या.

सहावी पायरी: मेलेला प्राणी की टाकलेली कात

आता ती विंचवाची कात काढा. पाय, चिमटे, शेपटी, सगळे जागेवर असते आणि आत काही नसते. समुद्री विंचूही वाढताना कात टाकत, आणि त्यांचे बरेच जीवाश्म अशा कातींचेच आहेत. त्यामुळे नमुन्यात कवच जरा सरकलेले, पाय उलटसुलट झालेले, खंड एकमेकांवर चढलेले दिसले तर लगेच लढाईची गोष्ट रचू नका. आधी कातीचा विचार करा. मोजमापातही हे लक्षात घ्या. खंड एकमेकांत घुसलेले असतील तर लांबी कमी भरते, सुटून लांबलेले असतील तर जास्त. अशा नमुन्यात पूर्ण लांबीऐवजी कवचाची लांबी आणि रुंदी मोजणे भरवशाचे.

नोंदपत्र

प्रत्येक छायाचित्रासाठी एक कागद करा. वर ठिकाण आणि काळ. खाली दिसणारे अवयव, आणि त्याच्याशेजारी न दिसणारे अवयव, कारण न दिसलेला अवयव आणि नसलेला अवयव यांतला फरक पुढच्या वाचणाऱ्याला कळला पाहिजे. मग कुलाचे चार प्रश्न आणि प्रत्येकाचे उत्तर: हो, नाही, किंवा दिसत नाही. प्रजातीचे नाव पेन्सिलने लिहा, शाईने नको. या कुलातल्या नावांची फेरमांडणी विसाव्या शतकभर होत आली आहे. ट्रंकॅटिरॅमस ही प्रजाती पूर्वी वेगळी मानत, आता तिला बहुधा एरेटोप्टेरसमध्येच धरतात. चेलिसेरा दिसत नसेल आणि टेल्सन तुटलेला असेल, तर कागदावर 'टेरिगोटिऑइडिया अधिकुल, कुल अनिश्चित' एवढेच लिहून तारीख टाका आणि सही करा.